व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर : जोतीरावांची एक सही

आज राणीसावरगावातून बोलतोय, आणि विषय आहे एक सही.

१९ ऑक्टोबर १८८२. हंटर शिक्षण आयोगासाठी जोतीराव फुल्यांनी पुण्याहून इंग्रजीत निवेदन दिलं. सहीखाली स्वतःची ओळख काय लिहिली? व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. १८४८ साली मुलींची शाळा काढलेला माणूस शिक्षणावर बोलतोय, आणि ओळखीत शाळेचं नाव नाही!

ओळख मात्र खरी होती. बांधकामाचं सामान पुरवायची कंत्राटं ते घेत. मांजरीला त्यांची शेती होती. आणि कमिशनर म्हणजे आजचे आयुक्त नव्हेत हं, नगरपालिकेच्या सभासदालाच तेव्हा तसं म्हणत. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेत होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून १००० रुपये खर्चायचं ठरलं, तेव्हा विरोधात मत देणारे हे एकटेच.

मला वाटतं, सही विचार करूनच केलेली आहे. कारण निवेदनाचा मुद्दाच पैशाचा आहे. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. हे मास्तरानं म्हटलं तर तक्रार वाटते. सारा भरणाऱ्यानं म्हटलं की तो हिशेब होतो.

मग मागण्याही हिशेबीच. निदान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. लोकल फंडातला निम्मा पैसा फक्त प्राथमिक शाळांना द्या. मुलांना मोडी, बालबोध, हिशेब आणि शेतीचं थोडं ज्ञान शिकवा.

मास्तरांबद्दल तर ते फार बारकाईनं लिहितात. मास्तर शेतकरी वर्गातला असावा, वेळ पडली तर नांगराची रुमणी किंवा सुताराचा वाकस हातात धरणारा. पगार १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात १५-२०. शिवाय गावचे हिशेब तपासणं, पोस्टाचं काम अशी कामंही त्याला द्यावीत, म्हणजे गावात त्याला वजन येईल.

आयोग इंग्रजी मुलखाचा; आपला हा भाग तेव्हा निजामाकडे होता. आणि इंग्रजी मुलखात तरी काय झालं? आयोगानं प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवायला सांगितलं. सक्तीची मागणी मात्र तशीच राहिली.