प्राश्निक आणि प्रेक्षक : चित्रपटाच्या आस्वादातील अंतराचा विचार

१

चित्रपटसमीक्षक आणि सर्वसामान्य प्रेक्षक यांच्या अभिप्रायांत पडणारे अंतर हा आपल्याकडे बहुधा दोषारोपाचा विषय होतो. समीक्षक प्रेक्षकाला अभिरुचिहीन ठरवतो, प्रेक्षक समीक्षकाला पुस्तकी ठरवतो आणि चर्चा तेथेच थांबते. या दोन्ही आरोपांच्या मुळाशी एक समान गृहीतक असते. एकाच कलाकृतीला दोघेही एकच प्रश्न विचारीत आहेत आणि दोघांपैकी एकाचे उत्तर चुकले आहे, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी ‘माहेरची साडी’ (१९९१), ‘कोर्ट’ (२०१५) आणि ‘सैराट’ (२०१६) हे तीन मराठी चित्रपट आणि भरताच्या नाट्यशास्त्रातील सिद्धिविचार यांचा आधार घेतला आहे.

२

प्रथम दोघांच्या परिस्थितीतील साधा फरक लक्षात घ्यावा लागतो. समीक्षक व्यवसायाचा भाग म्हणून वर्षभरात शेकडो चित्रपट पाहतो. कोणता पाहावा याची निवड बरेचदा त्याच्या हाती नसते. परिणामी परिचित कथानक, ठरावीक पात्रे आणि अपेक्षित शेवट यांचा त्याला लवकर उबग येतो आणि नावीन्य हे त्याच्या लेखी मोठे मूल्य बनते. सामान्य प्रेक्षक मोजकेच चित्रपट पाहतो. तो पैसे खर्चून, वेळ काढून, बहुधा कुटुंबासह चित्रपटगृहात जातो. परिचित रचना त्याला कंटाळवाणी वाटत नाही. कीर्तनातील आख्यान ठाऊक असूनही श्रोता ते पुन्हा ऐकतो, त्याच वृत्तीने तो पडद्याकडे पाहतो.

या फरकाला एक तात्त्विक बाजूही आहे. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांची जी मांडणी केली, ती येथे उपयोगी पडते. कलाकृतीचे मूल्य जीवनातील इतर मूल्यांशी जोडलेले मानावे की ते स्वायत्त मानावे, हा त्या मांडणीतील कळीचा प्रश्न आहे. समीक्षक चौकट, संकलन, ध्वनी व अभिनय यांच्या परस्परसंबंधाविषयी बोलतो तेव्हा तो दुसऱ्या भूमिकेकडे झुकलेला असतो. ‘अगदी आमच्या घरातलंच दाखवलंय’ असे म्हणणारा प्रेक्षक पहिल्या भूमिकेत उभा असतो. दोघांचे प्रश्न वेगळे असल्यामुळे त्यांची उत्तरे परस्परांना खोडून काढीत नाहीत.

३

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे यशाचा, विचार आला आहे. भरत सिद्धीचे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार मानतो. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, वाहवा, हळहळ, रोमांच, जागेवरून उठणे, वस्त्र देणे ही मानुषी सिद्धीची लक्षणे आहेत. प्रेक्षागृह भरलेले असूनही जेथे शब्द, क्षोभ वा उत्पात नाही, ती दैवी सिद्धी. आजच्या भाषेत सांगायचे तर शिट्ट्या-टाळ्या आणि निःशब्दता या दोहोंनाही भरताने यशाच्या खुणा मानले आहे.

त्याच अध्यायात प्राश्निकांचा, म्हणजे परीक्षकांचा, उल्लेख येतो. त्यांत यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक आहेत. प्रत्येकाचा अधिकार त्याच्या ज्ञानक्षेत्रापुरता आहे. शरीराच्या सौष्ठवाविषयी धनुर्धराने बोलावे, नेपथ्याविषयी चित्रकाराने, कामोपचाराविषयी वेश्येने. सर्व गुण एकाच प्रेक्षकात असणे शक्य नाही, कारण जाणण्याजोगे अपार आहे, हेही भरत स्पष्ट करतो. पुढे अभिनवगुप्ताने काव्याभ्यासाने मन निर्मळ झालेल्या ‘सहृदया’ची कल्पना मांडली. मराठी समीक्षेने ती आवडीने स्वीकारली. अनेक परीक्षकांत विभागलेल्या अधिकाराची भरताची कल्पना मात्र मागे पडली.

भरताची ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. स्त्रिया, बालके आणि मूर्ख यांना त्याने एकाच ओळीत बसवून त्यांची रुची हास्य व वेशभूषा यांपुरती सीमित केली आहे. या पूर्वग्रहाचे आयुष्य किती दीर्घ आहे, हे पुढील उदाहरणावरून दिसते.

४

विजय कोंडके दिग्दर्शित ‘माहेरची साडी’ हा राजस्थानी भाषेतील ‘बाई चाली सासरिये’ (१९८८) या चित्रपटावर आधारलेला होता. अलका कुबल यांनी साकारलेली नायिका पित्याच्या मायेला पारखी होते आणि सासरी छळ सोसते. महाराष्ट्रभर स्त्रियांनी या चित्रपटाला गर्दी केली. जाणकारांच्या वर्तुळात मात्र ‘रडका’, ‘बायकांचा’ अशा विशेषणांनी त्याची बोळवण झाली. भडक स्वभावरेखाटन, योगायोगांची रेलचेल, करुणाचा अतिरेक हे आक्षेप रचनेच्या दृष्टीने खरे आहेत. परंतु ते आक्षेप नोंदवल्यावरही एक प्रश्न उरतो. या स्त्रिया पडद्यावर नेमके काय ओळखत होत्या?

जात्यावरच्या ओव्यांशी परिचय असलेल्या अभ्यासकाला याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये संकलित केलेल्या ओव्यांत माहेर, भाऊ, भाऊबीज, चोळी-लुगडे आणि सासुरवास हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. माहेराहून आलेले वस्त्र हे तेथे केवळ वस्त्र नसते. आपल्यामागे कोणी आहे, याचा तो सासरच्या माणसांना दिसणारा पुरावा असतो. चित्रपटाच्या नावातच हा संकेत आहे. सासुरवासाच्या बाबतीत या स्त्रिया भरताच्या अर्थाने प्राश्निक होत्या. कोणत्याही चित्रपटसमीक्षकापेक्षा त्यांचा अधिकार मोठा होता. तेच कथानक दोन वेगळ्या भाषांत रुजते, यावरूनही त्याची मुळे विवाहव्यवस्थेतील अनुभवात आहेत असे अनुमान करता येते.

अर्थात प्रेक्षकाचा अधिकार मान्य करणे म्हणजे चित्रपटाचा निर्वाळा देणे नव्हे. दुःखाची अचूक ओळख पटवून देणारी कृती त्या दुःखाला सोशिकतेचा गौरवही बहाल करू शकते. हा चित्रपट काही अंशी तसे करतो. हे दाखवून देणे समीक्षकाचेच काम आहे. मात्र ते काम प्रेक्षकाच्या अश्रूंची हेटाळणी करून साधत नाही. ते अश्रू समजून घेतल्यावरच साधते.

५

‘कोर्ट’च्या बाबतीत स्थिती उलट होती. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. स्थिर कॅमेरा, दुरून घेतलेली दीर्घ दृश्ये आणि नाट्यमयतेचा कटाक्षाने केलेला त्याग यांचे समीक्षकांनी कौतुक केले. मनोरंजनाच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकाला तीच दृश्ये संथ वाटणे स्वाभाविक होते. परंतु ज्याने तारखेमागून तारीख घेत न्यायालयाच्या बाकावर दिवस काढले आहेत, त्याला या संथपणाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. येथे पक्षकार हाच प्राश्निक ठरतो. समीक्षेने त्याच्याशी बोलण्याची भाषा शोधली असती, तर हे अंतर कमी झाले असते.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने दोन्ही वर्गांना जिंकले असे म्हटले जाते. ते खरे असले तरी दोघांनी त्यात एकच गोष्ट पाहिली, असे म्हणता येत नाही. ‘झिंगाट’ गाण्यावर चित्रपटगृहांत प्रेक्षक नाचले. त्याच प्रेक्षकांवर शेवटी ध्वनिहीन दृश्यात रक्ताने माखलेली बालकाची पावले पाहण्याची वेळ आली. भरताच्या परिभाषेत मानुषी आणि दैवी अशा दोन्ही सिद्धी एकाच प्रयोगात घडल्या. पूर्वार्धातील जल्लोषाला व्यावसायिक तडजोड मानणारी समीक्षा आणि शेवट टाळू पाहणारा प्रेक्षक, हे दोघेही अर्धाच चित्रपट पाहतात. त्या जल्लोषात सामील झाल्याशिवाय शेवटची शांतता अंगावर येत नाही.

६

या विवेचनातून असे म्हणता येईल की समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर हे अभिरुचीच्या उच्चनीचतेपेक्षा ज्ञानक्षेत्रांच्या भिन्नतेतून अधिक निर्माण होते. ते पूर्णपणे नाहीसे होणार नाही, व्हावे असेही नाही. मात्र मराठीच्या अभ्यासकांवर त्यातून एक जबाबदारी येते. ओवी, लावणी आणि तमाशा यांच्या श्रोत्या-प्रेक्षकांचा अभ्यास लोकसाहित्याच्या निमित्ताने आपण केला. लोकप्रिय चित्रपटाच्या प्रेक्षकाला मात्र तिकीटविक्रीच्या आकड्यांवर सोडून दिले. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ पाहून रडलेल्या अनेक स्त्रिया आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांनी काय पाहिले, घरी परतल्यावर त्या कोणाशी काय बोलल्या, हे त्यांच्याच शब्दांत नोंदवून घेण्याचे काम विद्यापीठीय विभागांना करता येण्याजोगे आहे. विद्यार्थ्यांच्या घराघरांतूनच त्याची सुरुवात होऊ शकेल. या स्त्रियांचे वय पाहता ते लवकर हाती घ्यावयास हवे.