आतड्याचा कर्करोग : गाठ काढली, पुढे काय?

शेलूबाजारला बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात उभे राहायला जागा नसते. अशाच एका दिवशी ३८ वर्षांचा एक शेतकरी आला. "डाक्टरसाहेब, तासभर डवरा हाकला का दम लागते," एवढीच तक्रार. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७ निघाले. मी जंताचे औषध दिले आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. महिन्याने आकडा थोडा वर गेला, पुन्हा खाली आला. असे चार महिने गेले.

वाचकहो, ही माझी चूक होती आणि ती मी या सदरात कबूल करतो. बाईमाणसाचे रक्त पाळीमुळे कमी होऊ शकते. पण धडधाकट पुरुषाचे रक्त जाते कुठे, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. शेवटी शौचाची तपासणी केली, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे रक्त सापडले. नागपूरला दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ होती. शस्त्रक्रिया करून ती काढली. (हे सारे मी कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असा तपशील टाळला आहे.)

टाके काढायला तो आला तेव्हा त्याने विचारले, "आता माह्यं कसं होईन, साहेब?"

गाठच उत्तर देते

या प्रश्नाचे उत्तर पूर्वी फक्त दोन गोष्टींवरून देत असत. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आणि जवळच्या लसिकाग्रंथींत किंवा यकृतात रोग पसरला का. आजही पहिला हिशेब हाच. पण आता त्याच्या जोडीला गाठीतल्या जनुकांच्या खुणा पाहतात. शस्त्रक्रियेनंतर गाठीचे तुकडे मेणात बसवून जपून ठेवतात. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. तपासणी या ब्लॉकवर होते, रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

यातली सर्वांत उपयोगी खूण समजायला तलाठ्याचे उदाहरण घेऊ. पेशी दुभंगते तेव्हा जनुकांची नक्कल होते. तलाठ्याने हजारो सातबारे हाताने उतरवले तर चुका होणारच. त्या तपासायला वर मंडळ अधिकारी असतो. आपल्या पेशीतही चुका शोधून दुरुस्त करणारी प्रथिने असतात. त्यांतली चार महत्त्वाची : एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२. यांपैकी एखादे नाहीसे झाले की चुकांवर चुका साचतात आणि त्यातून गाठ तयार होते. मोठ्या आतड्याच्या १०० कर्करोगांपैकी सुमारे १५ गाठींत असे आढळते.

गंमत अशी की या दोषाची एक चांगली बाजूही आहे. इतक्या चुका असलेली पेशी शरीराच्या रक्षक पेशींना परकी वाटते आणि त्या तिच्यावर तुटून पडतात. म्हणून ग्रंथींत न पसरलेल्या, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातल्या अशा गाठी काढल्यावर रोग उलटण्याचे प्रमाण कमी असते. नेहमीच्या फ्लुरोयुरॅसिल या एकट्या औषधाचा तिथे फायदाही दिसत नाही. त्यामुळे कित्येकांची केमोथेरपी टळते. आमच्या शेतकऱ्याची गाठ नेमकी याच प्रकारची होती. त्याच्या तज्ज्ञांनी केमो न देता नियमित तपासणीवर ठेवायचे ठरवले.

रोग पसरलेला असेल तरी ही खूण कामाची आहे. रक्षक पेशींना मोकळे करणारी इम्युनोथेरपी अशा गाठींवर चांगली लागू पडते. २०१७ साली अमेरिकेत तिला या खुणेवरून मान्यता मिळाली. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये गुदाशयाच्या अशाच प्रकारच्या कर्करोगाचे १२ रुग्ण शस्त्रक्रियेविना, नुसत्या औषधाने गाठमुक्त झाल्याची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती. पण हे औषध फार महाग आहे आणि ही खूण नसलेल्या गाठीवर त्याचा सहसा उपयोग होत नाही. बातमी वाचून शेत विकायला निघण्याआधी ब्लॉकचा रिपोर्ट पाहा.

आणखी दोन नावे कानावर पडतील. केरास जनुकातला बदल १०० पैकी सुमारे ४० गाठींत असतो. तो असेल तर सेटुक्सिमॅबसारखी महागडी इंजेक्शने काम करीत नाहीत, हे २००८ साली स्पष्ट झाले. बीआरएएफ जनुकातला ठरावीक बदल पसरलेल्या रोगात वाईट लक्षण मानतात, पण त्यावर नेम धरणारी औषधे आता आली आहेत. लक्षात ठेवा, या खुणा म्हणजे पत्रिका नव्हे. कोण किती दिवस जगेल हे त्या सांगत नाहीत. कोणता उपचार लागू पडेल, एवढे सांगतात.

घरातल्यांचे काय?

आमच्या रुग्णाच्या गाठीत एमएसएच-२ व एमएसएच-६ ही प्रथिने नव्हती. मी घरची माहिती विचारली. वडील ४४ व्या वर्षी 'पोटाच्या बिमारीने' गेले होते. आत्या गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली होती. ही माहितीही मी पहिल्या दिवशी विचारली नव्हती.

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. वॉर्थिन यांना सांगितले होते, की आमच्या घराण्यात सारे कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. ती तरुणपणीच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी १९१३ साली ते घराणे जगापुढे मांडले. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी अशी घराणी अभ्यासली आणि १९९३ साली एमएसएच-२ हे जनुक सापडले. या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. आई किंवा वडील यांच्यात दोष असेल तर प्रत्येक मुलाला वा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. प्रथिन नसलेली प्रत्येक गाठ आनुवंशिक नसते. म्हणून रक्ताची जनुकीय तपासणी करून खात्री करावी लागते.

आमच्या रुग्णाच्या रक्तात दोष निघाला. तेव्हा त्याची आई एकटीच माझ्याकडे आली. "साहेब, कोणाले सांगू नका. पोरीचं लगन जमत नाई मंग." मी म्हणालो, "मावशी, गावाला मी काहीच सांगणार नाही. पण पोरांना सांगितलेच पाहिजे. वडिलांच्या वेळी कोणाला माहीत नव्हते, आज माहीत आहे." ती दोन आठवड्यांनी दोघांनाही घेऊन आली. धाकट्या भावात दोष सापडला, बहिणीत नाही. भावाची दुर्बिणीने तपासणी केली, तर आतड्यात एक मोड सापडला. तो त्याच वेळी काढून टाकला. पुढे कर्करोग झाला असता असा तो मोड होता.

हे नुसते नशीब नव्हे. फिनलंडमध्ये अशा घराण्यांवर १५ वर्षे लक्ष ठेवले. दर तीन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करणाऱ्यांत आतड्याचा कर्करोग निम्म्याहून कमी झाला. आता ही तपासणी २०-२५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी करायला सांगतात.

वाचकांनी काय करावे?

१) पुरुषाचे रक्त कमी असेल, शौचावाटे रक्त जात असेल, सवय बदलली असेल तर 'मूळव्याधच असेल' म्हणून बसू नका. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय ४७ च्या आसपास होते. हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार नव्हे.

२) आतड्याची गाठ काढली असेल तर 'चार प्रथिनांची तपासणी झाली का?' असे डॉक्टरांना विचारा. रिपोर्ट, स्लाईड आणि ब्लॉक सातबाऱ्यासारखे जपा.

३) घरात ५० वर्षांच्या आत कुणाला आतड्याचा वा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. आनुवंशिक कर्करोगाचा सल्ला टाटा रुग्णालयात व त्यांच्या खारघरच्या केंद्रात मिळतो.

४) दोष सापडला म्हणजे रोग झाला असे नव्हे, आणि तो कुणाला शिवल्याने लागत नाही. सोयरीक मोडण्याचे ते कारण नाही.

आमचा शेतकरी यंदा सोयाबीनच्या सोंगणीनंतर तपासायला आला. हिमोग्लोबिन १३ होते. भावाच्या पुढच्या तपासणीची तारीख त्यानेच माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.