दुकानाचे तास आणि माणसाचे तास

सकाळी दहाला उघडलेले दुकान रात्री साडेनऊला बंद झाले, तर ते साडेअकरा तास चालले. जेवणाचा एक तास वजा केला तरी सहा दिवसांचे त्रेसष्ट तास होतात. नाशिकच्या मेन रोडवर, रविवार कारंज्यावर अथवा भांडी बाजारात ज्याचा दिवस शटरबरोबर उघडतो आणि शटरबरोबरच मिटतो, त्या मदतनिसाच्या आठवड्याचा हा हिशेब आहे. शासनाच्या श्रमबल सर्वेक्षणात मागील सात दिवसांपैकी प्रत्येक दिवशी किती तास काम केले, असे विचारले जाते व त्यावरून सरासरी निघते. परंतु त्या सरासरीत बँकेतील कारकून आणि कापडाच्या गाठी उचलणारा माणूस शेजारी शेजारी बसतात. आपल्या पेढीवरचा आठवडा तीत दिसत नाही.

व्यापारी आजही ज्याला ‘गुमास्ता’ म्हणतात, तो कायदा मूळचा १९४८ चा. एका नोकराच्या दुकानालाही तो लागू होता. कर्मचाऱ्याला दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा त्यात होती, शिवाय दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. २०१७ च्या नव्या कायद्याने ही मर्यादा कायम ठेवली. जादा कामाला दुप्पट वेतन आणि तीन महिन्यांत अशा कामाचे १२५ तासच, असेही ठरवले. मात्र हे सारे दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या वीसवर नेण्यास, दिवसाचे तास दहा व जादा तास १४४ करण्यास मान्यता दिली. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा स्पष्ट झाली. प्रत्येक कर्मचाऱ्याला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी देण्याची अट तेवढी राहिली.

चार-सहा माणसांच्या दुकानात मात्र तासांचा हा कायदा उंबरठ्याशीच थांबतो. तेथे किती तास काम घ्यायचे, हे शेठजींच्याच मनावर. आपल्या घरांतून चौविहार पाळणारे अनेक जण सूर्यास्तापूर्वी जेवून घेतात. त्या वेळी गल्ला आणि गिऱ्हाईक सांभाळणारा माणूस स्वतः रात्री साडेदहाला जेवतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. (मालकाचे तास तर कोणत्याच वहीत नसतात, आणि मुले दुकानात बसायला नाखूष का, याचे एक कारण तेथेच सापडावे.)

प्रश्न केवळ कायद्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळतो. त्रेसष्ट तास या रेषेच्या बरेच पलीकडे आहेत, आणि गादीवर बसणाराही त्यातून सुटत नाही.

व्यापाऱ्याच्या भाषेत पाहू. त्रेसष्टमधून अठ्ठेचाळीस गेले, उरले पंधरा. तेरा आठवड्यांचे १९५. जुनी १२५ ची मर्यादा तर नाहीच, नवी १४४ चीसुद्धा येथे पुरत नाही. आणि या तासांचे दुप्पट वेतन मांडले, तर स्वस्त वाटणारा माणूस तितका स्वस्त राहत नाही.

दोन मदतनीस असतील तर वाट आहे. एकाने दहाला यावे, सातला जावे. दुसऱ्याने साडेबाराला यावे आणि शटर ओढून जावे. जेवणाचा तास धरून दोघांचेही आठ-आठ तास, सहा दिवसांचे नेमके अठ्ठेचाळीस. दुकान साडेअकरा तासच उघडे राहते आणि दुपारी साडेबारा ते सात दोघेही हजर असतात. अडचण सातनंतरच्या गर्दीची. लग्नसराईत व दिवाळीत ती वाढतेच, २०२७ च्या सिंहस्थात तर विचारायलाच नको. तेवढ्या दिवसांसाठी जादा तास वहीत लिहून त्यांचे पैसे महिन्याच्या पगारातच चुकते करावेत. ‘दिवाळीला बघू’ हे उत्तर नव्हे.

एकच मदतनीस असलेल्या दुकानाला हे जमत नाही. तेथे सातनंतर घरचेच कोणी काउंटरवर उभे राहते, नाहीतर शटर लवकर पडते.