आधी आकडा, मग नावं

मॉस्को प्रांत: पाच हजारांना गोळ्या, तीस हजार छावणीत. ३० जुलै १९३७ रोजी सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह याने सही केलेल्या ००४४७ क्रमांकाच्या आदेशात प्रांताप्रांताचे असे आकडे ठरवून दिले होते. त्यात माणसं कोणती बसवायची, हे स्थानिक अधिकाऱ्यांनी पाहायचं. तिघांची समिती आरोपीला समोर न आणताच निकाल देई. अपील नव्हतं.

मी डाव्या विचारांच्या घरात वाढले. स्वस्त, देखणी सोव्हिएत पुस्तकं वाचतच मोठी झाले. म्हणूनच ‘स्टालिन क्रूर होता’ एवढ्या उत्तरावर माझं समाधान होत नाही. क्रौर्याला इतकी शिस्त कुठून आली?

ती विचारातून आली. समाजवाद जसजसा जवळ येईल तसतसा वर्गशत्रू अधिक चवताळेल, असं स्टालिन १९२८ पासून सांगत होता. शोषक वर्ग संपले, असं १९३६मध्ये नवी राज्यघटना मांडताना त्यानेच जाहीर केलं. तरी पुढच्याच वर्षी लढा तीव्र झाल्याचं तो सांगू लागला. शत्रू सापडला तर सिद्धान्त खरा, आणि न सापडला तर तो लपून बसलेला! कुणाला पकडायचं, याच्या आदेशातल्या यादीत पहिले होते ‘माजी कुलाक’, म्हणजे सधन ठरवलेले शेतकरी. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत अशा शेतकरी कुटुंबांतल्या सुमारे अठरा लाख माणसांना हद्दपार केलं होतं. त्यांच्यातला एखादा शिक्षा भोगून गावी परतला, की तो पुन्हा संशयित. त्याने आता काय केलं, याला महत्त्वच उरलं नव्हतं.

क्रांतीवर जीव टाकणारेही सुटले नाहीत. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय १९२१मध्ये आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंसोबत मॉस्कोला गेले होते. खानखोजे पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. चट्टोपाध्याय नंतर लेनिनग्राडला स्थायिक झाले. सप्टेंबर १९३७मध्ये त्यांना गोळी घालण्यात आली.

प्रांतांतले अधिकारी आकडे वाढवून मागत आणि मॉस्को ते मंजूर करी. या एका आदेशाखाली पावणेचार लाखांहून अधिक माणसं मारली गेली. १७ नोव्हेंबर १९३८ रोजी मोहीम थांबली, तेव्हा अतिरेकाचं खापर पोलिसदलात घुसलेल्या ‘शत्रूं’वर फोडण्यात आलं. १९४०मध्ये येझोव्हलाही गोळी घातली. सिद्धान्ताला कुणी हात लावला नाही.