घरच्या पडद्यासाठी ग्राफिक्स कार्ड

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या अंतरंगावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु रोह्याला आमच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे अर्ज भरण्यापासून यंत्र पारखण्यापर्यंत सारे प्रश्न माझ्याकडेच येतात. यंदा पेणच्या मावशीने कचेरीतला एक जुना संगणक विकत घेतला. तो टीव्हीला जोडून घरीच चित्रपट पाहावेत, असा बेत होता. मावशी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. दुकानदाराने सुचविलेल्या ग्राफिक्स कार्डाची किंमत तिच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी होती. हा खर्च खरोखर आवश्यक होता काय?

प्रथम चित्रपट दाखविताना संगणक काय करतो ते पाहू. फुल एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट व सेकंदाला २४ चित्रे धरली, तर दर सेकंदास सुमारे १५ कोटी बाइट होतात. एवढा पसारा साठविणे परवडत नाही. म्हणून चित्रपट घडी घालून ठेवतात. या घडीच्या पद्धती ठरलेल्या आहेत : एच.२६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३), एव्ही१ (२०१८). पाहताना घडी क्षणोक्षणी उलगडावी लागते. नव्या पद्धतीची घडी जुन्या प्रोसेसरला एकट्याने उलगडावी लागली, तर तो तापतो आणि चित्र अडखळते. मात्र त्याच कामासाठी घडविलेला वेगळा भाग चिपमध्ये असेल, तर थोड्या विजेत काम होते. आपल्याला हवा तो हा भाग. खेळांसाठी लागणारी अफाट ताकद नव्हे.

गंमत अशी की, हा भाग पुष्कळ प्रोसेसरांत आधीच असतो. इंटेलच्या चौथ्या पिढीत एच.२६४ची सोय आहे, सातव्या पिढीपासून दहा-बिट एचईव्हीसीची, तर अकराव्या पिढीपासून एव्ही१ची. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असेल, तर त्या प्रोसेसरात चित्रविभागच नसतो.

मावशीचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, टीव्ही फुल एचडी आणि चित्रपट एच.२६४चे. संगणकाला एचडीएमआयचे तोंड नव्हते, पण डिस्प्लेपोर्ट होते. दोहोंना जोडणारी एक वायर आणली. चित्रही आले, आवाजही आला. कार्ड घ्यावेच लागले नाही.

ज्यांना फोर-के चित्र पाहायचे आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यात ठिपके चौपट असतात. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एचडीएमआय २.० लागते; १.४ वर ती ३० पर्यंतच जातात. २०१७चे जीटी १०३० हे कार्ड अवघे ३० वॅट घेते व एचईव्हीसी उलगडते, पण एव्ही१ नाही. २०२२चे आरएक्स ६४०० अधिक ताकदीचे, तरी तेही एव्ही१ उलगडत नाही. त्याच वर्षीचे इंटेल आर्क ए३८० मात्र उलगडते. महाग ते सरस, हा हिशेब येथे लागू पडत नाही. खोक्यावर ठळक छापलेला मेमरीचा आकडाही चित्रपटापुरता फारसा महत्त्वाचा नाही.

कचेरीतल्या संगणकाची पेटी अनेकदा अरुंद असते. तिला अर्ध्या उंचीचे कार्ड लागते. कार्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक वीज मागणारे कार्ड घेतल्यास वीजपुरवठ्याचा डबाही बदलावा लागेल. पेणला कारखान्याशेजारच्या घरांत मातीची व रंगाची धूळ उडते. ती पंख्यात बसून तो घरघरतो. तेथे बिनपंख्याचे कार्ड बरे. फक्त पेटीत हवा खेळती हवी.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहाव्यात : टीव्हीचे ठिपके, प्रोसेसरचे पूर्ण नाव, चित्रपटांची पद्धत आणि पेटीची मापे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यासाठी अंथरूण मोजता आले पाहिजे. ते मोजण्याची विद्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला शिकता येते आणि घरच्यांच्या कष्टाचा पैसा वाचविता येतो.