इन्सुलिनचा दुर्लक्षित सोबती

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांचे पालक ओपीडीत हमखास विचारतात, “इन्सुलिन वेळेवर देतोय की! मग डोळे, किडनी कशाला तपासायची?” या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग ‘सी-पेप्टाइड’मध्ये दडला आहे.

स्वादुपिंडातील बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन नावाची लांब साखळी बनवतात. डोनाल्ड स्टायनर यांनी ती १९६७ मध्ये शोधली. तिचा मधला तुकडा कापला की इन्सुलिन तयार होते. हा तुकडा म्हणजे ३१ अमिनो आम्लांचे सी-पेप्टाइड. जितके इन्सुलिन, तितकेच सी-पेप्टाइड रक्तात उतरते. म्हणूनच शरीर स्वतःचे इन्सुलिन किती बनवते, हे त्याच्या तपासणीतून कळते. एरवी मात्र रस काढल्यावर उरलेल्या चिपाडासारखीच त्याची किंमत होती.

१९९०च्या दशकात स्वीडनमधील जॉन वॉरेन आणि सहकाऱ्यांनी ते टाइप वनच्या रुग्णांना दिले, तेव्हा स्नायूंतील रक्तप्रवाह सुधारला. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतो आणि वाहिनी सैलावते, असे त्यामागचे कारण दिसले. निरोगी माणसांत हा फरक पडला नाही. टाइप वनमध्ये बीटा पेशीच नष्ट होतात आणि बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते.

मग तेही टोचावे का? २०१६ मध्ये सुमारे २५० रुग्णांवरील वर्षभराच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मज्जातंतूंचा वेग औषधाविना असलेल्या गटापेक्षा सुधारला नव्हता. त्यामुळे आज हे उपचार म्हणून दिले जात नाही. ‘सी-पेप्टाइड वाढवून इन्सुलिन सोडवतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आपल्या हाती आहे ते उरलेले जपणे. अमेरिका-कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासात (१९८३-९३) थोडेसे सी-पेप्टाइड टिकलेल्यांना डोळ्यांचा त्रास कमी झाला. सुरुवातीपासून साखर काटेकोर ठेवली, तर ते जास्त काळ टिकले. निदानानंतर काही महिने इन्सुलिनचा डोस कमी होतो. मूल बरे झाले असे समजून काही पालक तेव्हा इन्सुलिनच थांबवतात. हे जिवावर बेतू शकते. आजाराला पाच वर्षे झाली की दरवर्षी डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पाय तपासा. तंबाखू नकोच. पायाची संवेदना कमी झाली असेल, तर जोतिबाचा डोंगर अनवाणी चढू नका. देव चपलेवर रागावत नाही.