श्रमिक वर्गातील युवक, पुरुषत्व आणि शाळेकडून कामाकडे होणारे संक्रमण : पॉल विलिस यांच्या अभ्यासाच्या संदर्भात

श्रमिकाचा मुलगा श्रमिकच का होतो, या प्रश्नाचे उत्तर शिक्षणाच्या समाजशास्त्रात दीर्घकाळ मुलाच्या उणिवांत शोधले गेले. घरात पुस्तके नाहीत, भाषा तोकडी, गुण कमी. म्हणून त्याची वाट कारखान्याकडे, अशी ती मांडणी होती. बर्मिंगहॅम येथील समकालीन सांस्कृतिक अभ्यास केंद्रात घडलेले संशोधक पॉल विलिस यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लर्निंग टू लेबर’ या ग्रंथात प्रश्नाचा रोखच बदलला. कोणीही बळजबरी करीत नसताना ही मुले कष्टाची, कमी प्रतिष्ठेची कामे आपणहून का पत्करतात, असे त्यांनी विचारले.

इंग्लंडच्या मध्य भागातील एका औद्योगिक शहरात (ग्रंथात त्यास ‘हॅमरटाउन’ हे कल्पित नाव आहे) त्यांनी बारा मुलांचा शाळेची अखेरची वर्षे आणि नोकरीचे पहिले महिने या काळात प्रत्यक्ष सहवासातून अभ्यास केला. ही मुले स्वतःला ‘लॅड्स’ म्हणवीत आणि निमूटपणे ऐकून घेणाऱ्या सहाध्यायांना ‘इअरोल’, म्हणजे नुसते कानच असलेले, म्हणून हिणवीत. शिक्षकांची टर उडविणे, तासाला दांडी मारणे, धूम्रपान, मारामारी आणि अखंड थट्टामस्करी हा त्यांचा दिनक्रम. वरवर पाहता हा निव्वळ उनाडपणा वाटेल. विलिस यांना मात्र त्यात वडिलांच्या कारखान्यातील वातावरण आढळले. साहेबाला हुलकावणी देणे, कामाची गती आपल्या हाती ठेवणे, रांगड्या विनोदावर दिवस ढकलणे, हे सारे मुले शाळेतच आत्मसात करीत होती.

या मुलांना एक गोष्ट अचूक उमगली होती, हे विलिस आवर्जून नोंदवितात. प्रमाणपत्राच्या बळावर एखादाच वर जाईल, संपूर्ण वर्ग जाणार नाही. परंतु हे आकलन अर्ध्यावरच अडखळते, आणि ते अडखळते पुरुषत्वाच्या कल्पनेपाशी. लेखणीचे काम बायकी आणि अंगमेहनत मर्दानी, अशी विभागणी मनात पक्की असल्यामुळे ज्या कामात शोषण आहे तेच काम अभिमानाचा विषय होते. त्या अभिमानाला मुलींविषयीच्या तुच्छतेची आणि आशियाई व वेस्ट इंडियन मुलांविषयीच्या द्वेषाची किनार होती. विलिस यांनी ती लपविलेली नाही. तरीही ते या मुलांच्या बंडखोरीवर काहीसे भाळलेले दिसतात. अँजेला मॅकरॉबी यांनी १९८० साली नेमका हाच आक्षेप घेतला. शाळा आणि कारखाना यांच्यामध्ये घर असते, तेथे आई व बहीण राबत असतात, आणि त्या घराला या विवेचनात स्थान नाही, असा त्यांच्या टीकेचा आशय होता.

दुसरी मर्यादा काळाने उघड केली. हे क्षेत्रकार्य १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धातील. तेव्हा शाळा सोडणाऱ्या मुलाला कारखान्यात सहज काम मिळे. १९८०च्या दशकात ब्रिटनमधील अवजड उद्योग कोसळले. लिंडा मॅकडॉवेल यांनी ‘रिडंडंट मॅस्क्युलिनिटीज?’ (२००३) या ग्रंथात केंब्रिज आणि पोलादनगरी शेफिल्ड येथील शाळा सोडणाऱ्या श्वेतवर्णीय युवकांचा अभ्यास केला. त्यांच्या वाट्याला दुकाने, उपाहारगृहे यांतील तुटपुंज्या वेतनाची कामे आली. तेथे हवी असते नम्रता, हसतमुख चेहरा, नीटनेटका वेश. लॅड्स ज्यांना बायकी म्हणत तेच गुण. तथापि हे युवक कामचुकार नव्हते. स्थिर नोकरी आणि स्वतःचे कुटुंब, हीच त्यांची सर्वसाधारण अपेक्षा होती.

मराठी अभ्यासकास येथे मुंबईचे गिरणगाव आठवणे स्वाभाविक आहे. तेथेही नातलगाच्या वा गाववाल्याच्या ओळखीने मुलगा बदली कामगार म्हणून खात्यात शिरे आणि पुढे कायम होण्याची वाट पाही. मात्र विलिस यांची चौकट तेथे जशीच्या तशी लागू करणे धाडसाचे ठरेल. पाळी संपवून रात्रशाळेत बसणारा गिरणी कामगार हे मुंबईचे परिचित चित्र आहे. त्याच्या लेखी लेखणी बायकी नव्हती. ती दुष्प्राप्य होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्या वर्षांत शाळेबाहेर पडलेल्या मुलाने लेखणी झिडकारली होती असे म्हणता येत नाही. हाती प्रमाणपत्र असूनही पुष्कळांना सुरक्षारक्षकाचे वा कुरिअरचे काम पत्करावे लागले. शिवाय अनेक घरांत वडील बेकार होते आणि चूल आईच्या कमाईवर, खानावळीच्या डब्यांवर वा धुण्याभांड्यांवर पेटत होती. कमावतो तो पुरुष, ही समजूत अशा घरातील मुलाने कशी सांभाळली वा सोडली, हे तपासावयाचे तर मॅकरॉबी म्हणतात त्याप्रमाणे गिरणीच्या फाटकापेक्षा चाळीतील खोलीकडे आधी वळावे लागते.